जॉन वेस्लीचा जमाखर्च

सन १७७६ च्या सप्टेंबरांत लंडनच्या एका ७३ वर्षांच्या धर्मोपदेशकास अबकारी खात्याचें पत्र आलें. चांदीच्या भांड्यांवर त्या काळीं इंग्लंडांत कर होता. आपल्यापाशीं अशीं भांडीं असावींत, परंतु त्यांची नोंद आपण अद्यापि केलेली नाहीं, असा खात्याचा संशय त्या पत्रांत व्यक्त झाला होता. संशय अगदींच अस्थानीं होता असें म्हणवत नाहीं. या गृहस्थाचीं पुस्तकें देशभर खपत होतीं, हजारों लोक त्याच्या शब्दानें चालत होते. अशा माणसाच्या घरीं चार चांदीचीं ताटें निघावींत हें कोणालाही स्वाभाविक वाटलें असतें. जॉन वेस्लीनें दोन ओळींत उत्तर धाडलें. लंडनला आपले चांदीचे दोन चमचे आहेत, ब्रिस्टलला दोन आहेत. तूर्त एवढीच चांदी आहे, आणि भोंवतालीं इतक्या लोकांना भाकर मिळत नाहीं तोंवर आणखी घेण्याचा विचार नाहीं.

चमच्यांचा हा हिशेब विनोदासाठीं दिलेला नव्हता. पुस्तकांच्या विक्रींतून वेस्लीच्या हातीं आलेला व त्यानें वांटून टाकलेला पैसा कांहीं चरित्रकार ३०,००० पौंडांच्या घरांत धरतात. अठराव्या शतकांत ही रक्कम एखाद्या जमीनदार घराण्यास शोभण्यासारखी होती. एवढा पैसा ज्याच्या हातून गेला त्यानें पैशाविषयीं काय ठरविलें होतें, आणि तें त्याच्या अनुयायांना कितपत मानवलें, हें आज सांगावयाचें आहे. त्यांत यशाचा भाग आहे तसा अपयशाचाही आहे, आणि मला स्वतःला अपयशाचा भाग अधिक विचारणीय वाटतो.

ख्रिस्ती धर्मांतील दानाची कल्पना आपल्याकडील रूढ कल्पनेहून एका बाबतींत निराळी आहे, ती प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. आपण दान म्हणतों तेव्हां देणारा त्या वस्तूचा धनी आहे हें गृहीत धरतों. तो आपलें स्वत्व सोडतो आणि त्याला पुण्य लागतें. ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणें मनुष्य मुळीं धनीच नाहीं. जमीन, जनावर, बुद्धि, अंगांतलें बळ, सर्व कांहीं ईश्वराचें. मनुष्य हा त्याचा कारभारी. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायांत येशूनें एका लबाड कारभाऱ्याचा दृष्टांत सांगितला आहे. आपली नोकरी जाणार असें दिसतांच या कारभाऱ्यानें धन्याच्या ऋणकोंना बोलावून त्यांच्या खतांतील आंकडे कमी करून दिले आणि पुढच्या दिवसांसाठीं मित्र जोडून ठेवले. धन्यानें त्याची चतुराई वाखाणली, त्यामुळें हा दृष्टांत टीकाकारांना नेहमींच अडचणीचा वाटत आला आहे. वेस्लीनें पैशाविषयींच्या आपल्या मुख्य प्रवचनास नेमका हाच दृष्टांत घेतला. चौथ्या शतकांत सीझरियाच्या बेसिलनें श्रीमंतांना सुनावलें होतें कीं, तुमच्या पेटींत पडून असलेलें वस्त्र हें उघड्या माणसाचें वस्त्र आहे. अंत्युखियाच्या क्रिसोस्तमची भाषाही अशीच कडक होती. या जुन्या आचार्यांचे ग्रंथ वेस्लीच्या नित्य वाचनांतले होते. दानानें मोक्ष विकत घेतां येतो असें मात्र तो कधींच मानीत नसे. मोक्ष केवळ श्रद्धेनें, ही त्याची शिकवण प्रसिद्धच आहे. कारभाऱ्यानें हिशेब चोख द्यावा, यांत पुण्य कसलें?

पैशाची ओळख त्याला लहानपणींच झाली होती. लिंकनशायर परगण्यांतील एप्वर्थ गांवीं १७०३ सालीं तो जन्मला. बाप सॅम्युएल वेस्ली तेथला पाद्री. विद्वान, पण व्यवहारांत कच्चा. जॉन दोन वर्षांचा असतां, १७०५ मध्यें, ३० पौंडांहूनही कमी कर्जापायीं सॅम्युएलला लिंकनच्या किल्ल्यांतील तुरुंगांत नेऊन टाकलें. घरांत रोकड नव्हती, म्हणून पत्नी सुझानानें आपल्या आंगठ्या तुरुंगांत पाठविल्या. त्या त्यानें परत केल्या. यॉर्कच्या आर्चबिशपनें तिला एकदां विचारलें कीं, तुम्हांला कधीं भाकरीवांचून राहावें लागलें काय? तसें कधीं झालें नाहीं, असें सांगून ती माउली म्हणाली कीं, भाकर मिळविण्याची चिंता खाण्यापूर्वीं आणि तिचे पैसे फेडण्याची चिंता खाल्ल्यावर इतकी असते कीं घांस गोड लागत नाहीं. दारिद्र्याचें याहून नेमकें वर्णन अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मिळणें कठीण.

पुढें जॉन ऑक्सफर्डला गेला आणि १७२६ मध्यें लिंकन कॉलेजचा फेलो झाला. १७२९ पासून तेथें त्याच्याभोंवतीं कांहीं तरुण जमले. ते नेमानें उपवास करीत, तुरुंगांत जाऊन कैद्यांस भेटत, गरिबांच्या मुलांना शिकवीत. त्यांच्या या कांटेकोर नेमामुळें इतर विद्यार्थी त्यांना मेथडिस्ट, म्हणजे पद्धतवाले, असें हिणवूं लागले आणि थट्टेचें तेंच नांव पुढें एका मोठ्या पंथाला चिकटलें. या मंडळींतील एका तरुणाचा जमाखर्च वेस्लीनें म्हातारपणीं एका प्रवचनांत सांगितला आहे. पहिल्या वर्षीं त्याला ३० पौंड मिळाले. २८ पौंडांत त्यानें निर्वाह केला आणि २ दिले. दुसऱ्या वर्षीं ६० मिळाले. खर्च २८ च, दान ३२. तिसऱ्या वर्षीं ९० मिळाले, ६२ दिले. चौथ्या वर्षीं १२० पैकीं ९२ दिले. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असें त्याचे चरित्रकार धरून चालतात.

या चार ओळींत वेस्लीचें सारें अर्थशास्त्र आलें. उत्पन्न वाढलें कीं गरजाही वाढतात, हा आपण निसर्गनियमच समजतों. त्यानें गरजा एके ठिकाणीं खिळवून ठेवल्या आणि वाढ झाली ती सगळी दुसऱ्याच्या नांवें टाकली. मुंबईच्या श्रोत्यांना येथें जॉर्ज बोएनची आठवण व्हावी. हा अमेरिकन मिशनरी १८४८ मध्यें मुंबईस आला. पुढच्याच वर्षीं त्यानें मिशनचें वेतन सोडलें, देशी वस्तींत लहानशी जागा घेतली, आणि शिकवण्या करून अगदीं थोडक्यांत गुजराण करूं लागला. मराठींत तो रस्त्यारस्त्यांवर उपदेश करी आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हें पत्र चालवी. वेस्लीच्या पंथाशीं त्याचा प्रारंभीं संबंध नव्हता. पण १८७१ नंतर मेथडिस्ट मंडळी मुंबईंत काम करूं लागली तेव्हां तो त्यांना जाऊन मिळाला. १८८८ सालीं मुंबईंतच त्याचा अंत झाला. चाळीस वर्षांत तो मायदेशीं एकदांही गेला नाहीं.

ऑक्सफर्डच्या त्या दिवसांतील आणखी एक प्रसंग वेस्लीच्या मनांत जन्मभर सलत राहिला. त्यानें आपल्या खोलीसाठीं नुकतींच कांहीं चित्रें विकत घेतलीं होतीं. त्याच्या मंडळींनीं चालविलेल्या शाळेंतली एक गरीब मुलगी कडाक्याच्या थंडींत त्याच्याकडे आली. अंगावर पातळसा झगा. तिला कांहीं द्यावें म्हणून त्यानें खिशांत हात घातला, तों तेथें जवळ जवळ कांहींच नव्हतें. पैसे भिंतीवर टांगलेले होते. चित्रें घेणें हें पाप असें कोणी म्हणणार नाहीं. मीही म्हणत नाहीं. परंतु त्या दिवसापासून वेस्लीच्या हिशेबांत प्रत्येक खर्चापुढें कोणाचा तरी चेहरा उभा राहूं लागला. त्याच्या कडकपणाचें मूळ त्या थंडीनें कुडकुडणाऱ्या पोरींत आहे, आणि तें विसरलें तर तो नुसता कृपण वाटूं लागतो.

आतां ब्रिस्टलकडे वळूं. १७३९ मध्यें तेथें त्याच्या अनुयायांनीं एक सभागृह बांधावयास घेतलें, आणि बांधकाम म्हटलें कीं कर्ज आलेंच. १७४२ च्या फेब्रुवारींत तें फेडावें कसें याचा खल चालला असतां फॉय नांवाच्या एका कप्तानानें सुचविलें कीं, प्रत्येक सभासदानें आठवड्याला एक पेनी द्यावी. (त्या वेळीं १२ पेन्सांचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड होता.) कोणी तरी म्हणालें कीं, आपल्यांतल्या पुष्कळांना तेवढेंही झेपणार नाहीं. त्यावर फॉय म्हणाला, सर्वांत गरीब असे अकराजण माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरीं जाईन, देववलें तर ते देतील, न देववलें तर त्यांची पेनी मी भरीन. इतरांनींही अकरा अकरा माणसें आपल्याकडे घेतलीं. वसुलीसाठीं घरोघर जातां जातां या मंडळींना कळूं लागलें कीं, अमक्याचा नवरा दारू पितो, तमक्याचें मूल आजारी आहे, कोणाचें काम सुटलें आहे. वेस्लीनें ही गोष्ट लागलीच हेरली. मेथडिस्ट पंथाची जी बाराजणांची वर्गसभा, जिच्यावर पुढें त्याची सारी रचना उभी राहिली, तिचा उगम असा कर्जफेडीच्या पेनींत आहे. धर्माच्या इतिहासांत असे व्यावहारिक उगम पुष्कळ असतात, पण इतका स्वच्छ नोंदलेला क्वचितच आढळतो.

पैशाच्या उपयोगावरील त्याचें प्रवचन १७६० मध्यें छापून निघालें. त्याच विषयावर तो त्यापूर्वीं कितीतरी वर्षें बोलत होता. त्यांत तीन नियम आहेत: पहिला मिळविण्याचा, दुसरा वांचविण्याचा, तिसरा देण्याचा, आणि तिन्हींचें माप एकच, शक्य असेल तितकें. पहिला नियम ऐकून व्यापाऱ्यांना आनंद झाला असेल, परंतु तो आनंद फार टिकण्यासारखा नव्हता. कारण मिळविण्याला त्यानें एकामागून एक कुंपणें घातलीं आहेत. आपल्या प्रकृतीचा नाश करणारा धंदा करूं नये. वितळत्या शिशाच्या वाफेंत श्वास घ्यावा लागतो अशा कामांचा तो स्पष्ट उल्लेख करतो. मनाला खोटेपणाची संवय लावणारा धंदा करूं नये. सरकारी जकात चुकविणें त्यांत आलें. शेजाऱ्याचा नाश करणारा तर मुळींच करूं नये. म्हणून गहाणवटीची सावकारी वर्ज्य, शेजारच्या दुकानदाराला बुडविण्यासाठीं भाव पाडणें वर्ज्य, त्याचा नोकर फोडणें वर्ज्य. दारू गाळून विकणाऱ्यांवर त्याचा सर्वांत अधिक राग होता. फी वाढावी म्हणून रोग लांबविणाऱ्या वैद्यांनाही त्यानें सोडलेलें नाहीं. मध्येंच तो एक गमतीची कबुली देतो: गणितांत आणि बीजगणितांत आपण फार खोल शिरलों तर आपली धर्मश्रद्धा उरणार नाहीं, दुसऱ्यांची उरत असेल! गणिताच्या प्राध्यापकांनीं हें मनाला लावून घेऊं नये.

सचोटीनें मिळवावें आणि अलिप्तपणें वेंचावें हा उपदेश आपल्याकडे तुकोबांनीं गृहस्थाला केलेलाच आहे, त्यामुळें येथवर मराठी श्रोत्याला कांहीं अपरिचित वाटूं नये. वेस्ली कुंपणाची ही रेषा आपल्या काळच्या सर्वांत मोठ्या व्यापारापर्यंत घेऊन गेला, हें विशेष. ब्रिस्टलची भरभराट गुलामांच्या व्यापारावर झाली होती, आणि त्या ब्रिस्टलमध्यें त्याचें मोठें ठाणें होतें. तरीही १७७४ मध्यें गुलामगिरीवर पुस्तिका लिहून, गुलाम विकणारा कप्तान, त्याला भांडवल पुरविणारा व्यापारी आणि वसाहतींत गुलाम विकत घेणारा मळेवाला या तिघांनाही त्यानें एकाच पंक्तींत बसविलें. अशा पैशांतून दिलेलें दान दान ठरत नाहीं, हें त्याच्या पहिल्या नियमांतून ओघानेंच निघतें. मरणापूर्वीं सहा दिवस त्यानें विल्बरफोर्सला पत्र लिहिलें, तें याच व्यापाराविरुद्धचा लढा सोडूं नका असें सांगण्यासाठीं.

वांचविण्याच्या नियमांत मुलांची गोष्ट येते. पैशाची किंमत जाणणारें एखादें अपत्य असेल तर मालमत्तेचा मोठा वांटा त्याच्या हातीं द्यावा. तसें कोणीच नसेल तर प्रत्येकाला उपासमार होणार नाहीं इतकें ठेवून बाकीचें सत्कार्यीं लावावें, असें तो म्हणतो. देण्याच्या नियमांत क्रम आहे: प्रथम स्वतःचें अन्नवस्त्र, मग बायकामुलें व नोकरचाकर, मग आपल्या धर्माची गरीब मंडळी, मग सर्व मनुष्यें. दशमांश देऊन मोकळें होण्याची जुनी रीति त्याला मान्य नव्हती. दहावा हिस्सा ईश्वराचा म्हटलें कीं उरलेले नऊ आपले असें आपोआप ठरतें, आणि त्याचा वाद नेमका त्या नवांबद्दल होता. पेटींत किंवा बँक ऑफ इंग्लंडमध्यें ठेवलेला पैसा आणि जमिनींत पुरलेला पैसा यांत त्याला फरक दिसत नसे. अर्थशास्त्रज्ञ यावर आक्षेप घेतील आणि त्यांचें म्हणणें खरें आहे. पेढींतला पैसा कोणाच्या तरी उद्योगास लागतोच. पण पैसा उद्योगास लावण्याची युक्ति वेस्लीला ठाऊक नव्हती असें मात्र नाहीं.

१७४६ च्या उन्हाळ्यांत लंडनभर पायीं फिरून त्यानें ओळखीच्या लोकांकडून वर्गणी गोळा केली. ती ३० पौंडही भरली नाहीं. मागाहून कांहीं जणांनीं भर घालून ५० पौंड केले. तोफांच्या एका पडक्या ओतशाळेंत त्याचें लंडनमधील ठाणें होतें. तेथें या पैशांतून गरजूंना २० शिलिंगांपर्यंत कर्ज मिळूं लागलें. फेड तीन महिन्यांत. वर्षभरांत २५० हून अधिक माणसांची गरज एवढ्याशा भांडवलावर भागली, कारण तेच पैसे फिरून फिरून परत येत. हें कर्ज म्हणजे भीक नव्हे, हें घेणाऱ्यालाही माहीत होतें. गरीब लोक आळशी म्हणून गरीब असतात, हा त्या काळच्या सुखवस्तु घरांतून नेहमीं ऐकूं येणारा आक्षेप. १७५३ च्या हिंवाळ्यांत तळघरांतून व माळ्यांवरून आजारी माणसांना भेटून आल्यावर वेस्लीनें आपल्या रोजनिशींत त्या आक्षेपाला धडधडीत खोटा म्हटलें आहे. ज्यांना चालवत होतें ते सगळे कामांत गुंतलेले त्यानें पाहिले होते.

या निधींतील कर्जाची मर्यादा पुढें पांच पौंडांवर गेली, आणि १७७५ च्या सुमारास जेम्स लॅकिंग्टन नांवाच्या एका चांभारानें तेवढे पैसे घेऊन जुन्या पुस्तकांचें दुकान वाढविलें. उधारी बंद ठेवून, थोड्या नफ्यावर रोखीनें विकून, तो लंडनमधल्या सर्वांत मोठ्या पुस्तकविक्यांत जाऊन बसला. श्रीमंत झाल्यावर १७९१ मध्यें त्यानें आपलें चरित्र लिहिलें आणि त्यांत मेथडिस्टांची यथेच्छ टवाळी केली! १८०४ मध्यें पुनः दुसरें पुस्तक लिहून त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला आणि पुढें स्वखर्चानें प्रार्थनामंदिरेंही बांधलीं, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

लॅकिंग्टन हा एकटा नव्हता. दारू सुटली, जुगार सुटला, पहांटे उठण्याची आणि शब्द पाळण्याची संवय लागली, कीं चांभार, विणकर आणि खाणकामगार यांच्या हातीं दहावीस वर्षांत पैसा खुळखुळूं लागे. पैसा आला कीं पोशाख बदले, पोशाख बदलला कीं ओळखीपाळखी बदलत, आणि अकरा गरिबांच्या घरीं पेनी मागत हिंडण्यास वेळ उरत नसे. १७८६ मध्यें, पंथ भरभराटीस आलेला असतां, वेस्लीनें यावर एक छोटा निबंध लिहिला. खऱ्या धर्मापासून उद्योग आणि काटकसर हीं निपजतात, त्यांपासून संपत्ति निपजते, आणि संपत्ति वाढली कीं धर्म तितकाच ओसरतो. तेव्हां धर्म टिकावा तरी कसा, असा पेंच त्यानें त्यांत मांडला आहे. लोकांना उद्योगी व काटकसरी होऊं नका असें तर सांगतां येत नाहीं. तिसरा नियम पाळणें हाच काय तो मार्ग, असा त्यानें निकाल दिला. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यानें १९०४-०५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रॉटेस्टंट नीति आणि भांडवलशाही यांच्यावरील प्रसिद्ध निबंधांत वेस्लीचा हा उतारा साक्षीस काढला. वेबरला जो सिद्धांत परिश्रमानें उभारावा लागला तो वेस्लीनें जवळ जवळ सव्वाशें वर्षांपूर्वीं प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहून लिहून ठेवला होता, आणि त्याच्या दृष्टीनें तो सिद्धांत नसून जन्मभराच्या कामाला लागलेली कीड होती.

१७८९ मध्यें तो आणखी स्पष्ट बोलला. पहिला नियम पाळणारे पुष्कळ आहेत, दुसरा पाळणारे थोडे आहेत. पण तिसरा पाळणारे पन्नास हजार मेथडिस्टांत पांचशें तरी निघतील काय, असें त्यानें विचारलें. शंभरांत एक! पन्नास वर्षें घोड्यावरून आणि गाडींतून सारा देश पालथा घातलेल्या ८६ वर्षांच्या माणसानें स्वतःच मांडलेलें हें गुणोत्तर आहे. शत्रूनें मांडलें असतें तर त्याला इतका थोडका आंकडा सांगण्याचें धैर्य झालें नसतें.

त्याचा स्वतःचा क्रम यामुळें तिळमात्र बदलला नाहीं. १७८५ च्या जानेवारींत, वयाच्या ८१ व्या वर्षीं, त्याला दिसलें कीं गरिबांना दर वर्षीं वांटण्यांत येणारा कोळसा आणि भाकर यंदा पुरेशीं नाहींत. कपडेही हवे आहेत. तो सतत पांच दिवस लंडनच्या रस्त्यांतून फिरला आणि त्यानें २०० पौंड मागून आणले. रस्त्यांत बर्फ वितळून घोट्यापर्यंत चिखलपाणी झालें होतें, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय त्यांत भिजत होते. शनिवारीं तो आजारी पडला.

जन्मभर ठेवलेला जमाखर्च त्यानें १७९० च्या जुलैंत बंद केला. वांचवितां येईल तें वांचवितों आणि आहे तेवढें सगळें देतों, एवढी खात्री आपल्याला पुरे आहे, अशा अर्थाची नोंद त्यानें वहींत केली; अक्षर तेव्हां फार कांपूं लागलें होतें. १७४३ मध्यें त्यानें जाहीर लिहिलें होतें कीं, कर्ज आणि पुस्तकें वगळून मीं मागें दहा पौंड ठेवले तर मला चोर म्हणावयास साऱ्या जगाला मुभा आहे. मृत्युपत्रांत त्यानें खिशांत व मेजाच्या खणांत सांपडतील तीं नाणीं चार प्रवासी उपदेशकांना वांटून देण्यास सांगितलें. प्रेत गाडींतून नेऊं नये, डामडौल करूं नये, सहा गरीब माणसांनीं तें खांद्यावरून न्यावें आणि त्या सहाजणांत सहा पौंड वांटावेत, असेंही लिहून ठेवलें. २ मार्च १७९१ रोजीं तो वारला. गर्दी लोटेल या भीतीनें ९ मार्चला पहांटेच्या अंधारांतच लंडनच्या सिटी रोडवरील मंदिरामागें त्याला पुरण्यांत आलें, आणि त्या सहाजणांना प्रत्येकीं वीस शिलिंग मिळाले.